दान, फक्त उजव्या पायाचं

घरातल्या वस्तूचा उपयोग संपला की ती आधी माळ्यावर जाते. मग माळा भरतो, म्हणून ती खाली येते आणि पॅसेजमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात घोटाळते. शेवटी एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, "टाकायची कशाला? एखाद्या गरिबाला देऊ." झालं. त्या क्षणापासून तो कचरा राहत नाही, दान होतं. वस्तू तीच, धूळही तीच, फक्त आपला चेहरा एकदम दयाळू झालेला असतो. तुमच्या घरी असं होत नसेल तर पुढचं वाचू नका, उगाच वेळ जाईल.

काकूंच्या घरी हे दरवर्षी व्हायचं. कारण त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा 'दानाचा रविवार' असायचा.

चर्चच्या मागच्या अंगाला एक खोली होती. 'प्रेमाची खोली' असं तिचं नाव. ज्याला गरज आहे त्यानं यावं आणि हवं ते न्यावं, अशी योजना. योजना उत्तम होती, पण खोलीत जे होतं ते बघून गरजूच गांगरायचा. झाकण नसलेला कुकर, आणि शेजारीच भलत्याच कुकरचं झाकण. पाय मोडलेलं इस्त्रीचं टेबल. एका मुलानं वक्तृत्व स्पर्धेत मिळवलेला उत्तेजनार्थ कप. कुणीतरी मोठ्या मनानं दिलेला लग्नातला कोट, जो अंगात घातला की हात वरच राहायचे. आणि एक बोलकी बाहुली होती. तिची बाकीची वाक्यं बिघडली होती, आता ती मनात येईल तेव्हा एवढंच म्हणायची, "मला भूक लागली."

या खोलीची किल्ली मेट्रनताईंकडे असायची. मेट्रनताई म्हणजे काकूंच्या मोठ्या नणंद. सगळं आयुष्य हॉस्पिटलात गेलेलं, निवृत्त झाल्या तरी दरारा निवृत्त झाला नव्हता. त्यांच्यासमोर चर्चचे पाळकसाहेबसुद्धा खोकायचे ते परवानगी मागितल्यासारखे.

आणि काकूंचे यजमान म्हणजे बूटकाका. गावातल्या सगळ्यात मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये तळमजल्यावर त्यांचं बुटांचं दुकान. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष तेच. आता अध्यक्ष कुकरचं झाकण कसं देणार? या वर्षी त्यांनी खोकीच्या खोकी आणली. नवे कोरे, काळे, चकचकीत बूट. पाळकसाहेबांनी वरचं एक खोकं उघडून एक बूट उंच धरला तेव्हा मंडळींनी अशा काही टाळ्या वाजवल्या की बाहेर रिक्षावाले आत डोकावून गेले.

बूटकाका माइकवर आले. म्हणाले, "उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं आपल्या प्रभूनं सांगून ठेवलंय. तेव्हा मी या दानाबद्दल काही बोलणार नाही." आणि मग पुरेसा वेळ घेऊन त्याबद्दल बोलले. पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार करायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. काकू पुढच्या बाकावर बसून पदर सारखा करत होत्या. ऊर असा भरून आला होता, की जणू ते बूट त्यांनी स्वतः शिवले होते.

गुरुवारी मेट्रनताईंचा फोन आला. "वहिनी, खोलीवर ये. आत्ता."

काकू गेल्या. खोलीभर बुटांची खोकी उघडी पडली होती. मधोमध मेट्रनताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि स्टुलावर एक उंच, हडकुळा माणूस एक पाय पुढे करून बसला होता. सगळे त्याला लांबू म्हणत. छापखान्यात होता, छापखाना बंद पडला. किती महिने हातपाय मारल्यावर आता बूटकाकांच्याच शॉपिंग सेंटरमध्ये वॉचमनची नोकरी लागली होती, उद्यापासून. गणवेश कंपनी देणार होती. काळे बूट मात्र ज्याचे त्यानं आणायचे.

"बघ," मेट्रनताई म्हणाल्या.

काकूंनी बघितलं. "छान आहेत की."

"नीट बघ."

काकूंनी एक बूट उचलला. उजवा. दुसरा उचलला. तोही उजवा. पुढच्या खोक्यात हात घातला, त्याच्या पुढच्या खोक्यात घातला. सगळेच्या सगळे उजवे.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "डावे दुकानातच राहिले वाटतं. गडबडीत झालं असेल, ताई. मी आज सांगते यांना."

"सांग. पण याला उद्या सकाळी कामावर जायचंय."

लांबू हसला. "जाऊ द्या हो ताई, दोन्ही उजवे तर दोन्ही उजवे. एक माझ्या मापाचा घेतो, डाव्या पायाला एक नंबर मोठा घेतो. पाय काय तक्रार करायला जाणार आहे कुठे?" त्यानं दोन उजवे बूट चढवले, उभा राहिला आणि चार पावलं टाकली. दाराकडे निघाला होता, पोचला कपाटाकडे.

"सवय होईल," तो म्हणाला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं तेव्हा बूटकाका फोनवर होते. त्यांनी नुसताच हात हलवला. त्याचा अर्थ 'बघतो' असाही होतो आणि 'जा आता' असाही. काकूंनी पहिला अर्थ घेतला.

शुक्रवारी सकाळी काकू दुकानात गल्ल्यावर होत्या. काचेच्या दारातून समोरचा मोठा चौक दिसायचा. तिथे सुपरवायझर नव्या वॉचमनना शिस्त शिकवत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, सलाम ठोकायचा, परत यायचं. बाकीचे सरळ गेले, सरळ आले. लांबू निघाला सरळच, पण दोन्ही बुटांची टोकं त्याला एकाच अंगाला ओढत होती. तो तिरका तिरका होत गेला. मधल्या कारंज्याला वळसा पडला, तो त्यानं घातला नव्हता, आपोआप पडला. तिथून तो कपड्यांच्या दुकानात शिरला आणि थेट एका पुतळ्यासमोर जाऊन थांबला. पुतळ्याच्या अंगावर सूट होता, म्हणून त्यानं पुतळ्याला कडक सलाम ठोकला.

लोक हसले. दुकानातला पोरगेला सेल्समनही हसला. काकूंनाही आधी हसू आलं, खोटं कशाला बोला. मग सुपरवायझर लांबूच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेताना दिसला, आणि त्या हसायच्या थांबल्या.

त्या उठून दारात गेल्या.

"पिऊन आलायस?" सुपरवायझर विचारत होता.

"नाही साहेब. बूट जरा..."

"बूट काय? बूट पितात का?" सुपरवायझरनं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "अरे, हे काय घातलंयस? सर्कशीत होतास का आधी? हे बघ, सोमवारी धड बूट घालून सरळ चालत आलास तर ठीक. नाहीतर येऊच नको. माझ्याकडे रांग लागलीय."

"येतो साहेब," लांबू म्हणाला, आणि बाहेरच्या फाटकाकडे निघाला. तिथे पोचायला त्याला दोनदा दिशा बदलावी लागली. जाताना त्यानं काकूंकडे बघितलं आणि ओशाळून मान हलवली, जशी चूक त्याचीच होती. ते काकूंना फार लागलं.

रात्रीच्या जेवणाला मेट्रनताई आल्या होत्या. पानं वाढून होईपर्यंत काकूंनी कळ काढली. मग विचारलं, "अहो, डावे बूट कुठे आहेत?"

"आहेत गोडाऊनला. का?"

"मग ते द्यायचे राहिले ना."

बूटकाकांनी घास खाली ठेवला. "राहिले नाहीत, ठेवलेत. अगं, हे मॉडेल चाललं नाही. न विकलेल्या मालाची कंपनी भरपाई देते. पण सगळा माल परत न्यायचं भाडं त्यांना परवडत नाही, म्हणून प्रत्येक जोडातला फक्त डावा बूट मागवतात. उजवा आपण कापून टाकायचा, म्हणजे जोड परत विकता येत नाही. साधा हिशोब आहे. सोमवारी गाडी येईल डावे न्यायला."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे उजवे कापून टाकायचे होते."

"हो."

"ते तुम्ही चर्चला दिलेत."

"मग? कापायलाही माणूस लावावा लागतो. टाकायला गाडी लागते. त्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडले तर..."

"कुणाच्या?" मेट्रनताईंनी विचारलं. "तुझ्या ओळखीत एका पायाची माणसं किती आहेत?"

"ताई, तू प्रत्येक गोष्टीत खोड काढतेस. मी दशांश देतो, कमाईचा दहावा हिस्सा. चर्चच्या छताला मी दिले, बाकांना मी दिले. देणाऱ्यानं द्यावं आणि वर बोलणीही खावी?"

मेट्रनताई शांतपणे जेवत होत्या. "लहानपणी आपल्याला ती विधवेची गोष्ट सांगायचे, आठवते? प्रभू दानपेटीसमोर बसला होता. श्रीमंत लोक येऊन भरभरून टाकत होते. ती बाई आली आणि तिनं दोन बारीक नाणी टाकली. प्रभू म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनं दिलं. का? त्यानं पेटीत किती पडलं ते बघितलंच नाही. घरी किती उरलं ते बघितलं. तू खोकी भरून दिलीस रे. तुझ्याकडचं काय कमी झालं, ते सांग."

बूटकाकांनी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, आणि काही सापडेना म्हणून चिडले. "उद्या मी दुकानच वाटून टाकतो, मग खूश व्हा दोघी!"

"दुकान कुणी मागितलं?" काकू म्हणाल्या. "डावा बूट मागतेय."

"तो कंपनीचा आहे. विषय संपला."

बूटकाकांचा विषय संपला तेव्हा काकूंचा सुरू झाला. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला न विचारता दुकानातली चपलेची पट्टीसुद्धा हलवली नव्हती. पण शनिवारभर त्या गल्ल्यावर बसल्या आणि समोरच्या चौकात ती तिरकी चाल दिसत राहिली. लांबू आता तिथे नव्हता तरी दिसत राहिली.

रविवारी बूटकाका सत्कारासाठी नवा सूट घालून लवकर गेले. "तू ये मागून," म्हणाले. काकू मागूनच आल्या, पण टेम्पोतून.

उपासना संपली होती. बूटकाका माइकसमोर उभे होते, हातात फुलांचा भलामोठा गुच्छ. त्यात त्यांची हनुवटी बुडाली होती. "...मी कोण देणारा? देणारा तो वरचा," असं ते नम्रपणे म्हणत होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं. टेम्पोवाला एकावर एक खोकी घेऊन आत आला. मागून काकू. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात गोडाऊनच्या किल्ल्यांचा जुडगा.

"कुठे ठेवू?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"पुढे," काकू म्हणाल्या. "अध्यक्षांसमोर."

पहिलं खोकं उघडलं आणि बूटकाकांच्या तोंडातून माइकवरच निघून गेलं, "अगं, डावे कशाला आणलेस? ते कंपनीला परत जायचेत! त्यांची भरपाई मिळणार आहे मला!"

चर्चचे स्पीकर बूटकाकांनीच दिलेले होते आणि फार चांगले होते. 'भरपाई' हा शब्द छतापर्यंत गेला, तिथून परत आला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचला. बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकला.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा क्रमांक सांगितला. कुणी गायलं नाही.

"थांबा, पाळकसाहेब," काकू म्हणाल्या. "गाणं नंतर म्हणू. आधी मला सांगा, मागच्या रविवारी आपण टाळ्या कशाला वाजवल्या? जे कापून फेकायचे होते ते फेकायचा त्रास वाचला म्हणून? मीही वाजवल्या, सगळ्यांत मोठ्यानं. आणि हे काही एकट्या यांचं नाही. त्या खोलीत जा आणि बघून या, आपण प्रभूच्या नावानं काय काय टाकलंय. तो कोट देणाऱ्याला विचारते, तुम्ही स्वतः तो घालून हात खाली करून दाखवता का?"

तिसऱ्या बाकावरच्या वकिलांनी प्रार्थनेला बसतात तशी मान खाली घातली.

"घरी चल," बूटकाका दबक्या आवाजात म्हणाले. माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं.

"नाही येत," काकू म्हणाल्या. "हे बूट आता परत गोडाऊनला जाणार नाहीत. तुम्हाला न्यायचेच असतील तर सगळ्यांच्या देखत उचला आणि न्या. मी अडवणार नाही, हात पण लावणार नाही."

बूटकाकांनी खोक्यांना हात लावला नाही. मग मागच्या बाकावरून लांबू उठला. पुढे यायला त्याला वेळ लागला. दोन्ही बाजूंच्या बाकांना धरत धरत तो माइकजवळच्या टेबलापाशी आला, खाली बसला आणि त्यानं दोन्ही बूट काढून टेबलावर ठेवले.

"साहेब, माझ्यापायी घरात भांडण नको. डावे तुमचे आहेत तर उजवेही घेऊन जा. मी फुकट मागायला आलो होतो हे खरं, पण मला पाय दोन आहेत. अर्धं देणार असाल तर राहू द्या. सोमवारी अनवाणी जाईन आणि त्याला सांगेन, की पिऊन आलो नव्हतो. नोकरी गेली तर जाईल."

तो आवाज चढवून बोलला नाही.

बूटकाका त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या पायांकडे बघत होते. सगळं आयुष्य त्यांनी लोकांचे पाय बघण्यात घातलं होतं, आणि ही खोड सत्कारातसुद्धा सुटत नाही. डाव्या पायाची बोटं सुजली होती. करंगळीवर फोड फुटून लाल झाला होता. बूटकाकांनी गुच्छ पाळकसाहेबांच्या हातात दिला. गुडघे कुरकुरले तरी खाली बसले, आणि खोक्यात हात घालून आठ नंबरचा डावा बूट काढला.

"घाला बघू."

लांबूनं घातला. दुसऱ्या पायात उजवा घातला. पहिल्यांदाच जोड झाला. मागे कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला, तो मेट्रनताईंनी नजरेनंच खाली बसवला. बूटकाका अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघत होते.

"उभे राहा. चाला. चावतोय?"

"थोडा. चालेल साहेब. फुकटचाच आहे."

"थोडा नाही, चांगलाच चावतोय. तुमचा पंजा रुंद आहे. हे मॉडेल पुढून अरुंद, म्हणून तर कुणी घेतलं नाही. दिवसभर उभं राहायचं काम तुमचं, आठ दिवसांत पायाची वाट लागेल." बूटकाका उठता उठता ठसक्यात म्हणाले, "माझ्या दुकानातून चावणारा बूट घालून आजवर एक गिऱ्हाईक बाहेर पडलेलं नाही."

"गिऱ्हाईक नाही पडलं," मेट्रनताई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. बूटकाका उठत होते ते अर्ध्यातच थांबले आणि परत खाली बसले. चर्चच्या फरशीवर, नव्या सुटात. अंगठा पुन्हा त्या बुटाच्या टोकावर गेला. पैसे देणाऱ्याच्या करंगळीची काळजी घेणारा माणूस, आणि प्रभूच्या नावानं देताना मात्र पाय आहेत का दोन, एवढंही बघितलं नाही! हे त्यांना कुणी म्हणालं नाही. त्यांचं त्यांनाच कळलं, आणि चेहऱ्यावर ते सगळ्यांना दिसलं.

"किल्ल्या दे," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी जुडगा मुठीत घट्ट धरला. "कशाला?"

"गोडाऊनच्या नाही. दुकानाच्या. यांना रुंद पंजाचा बूट लागेल, तो आत फडताळात आहे. विकायचा आहे तो. चांगला चाललाय." मग खोक्यांकडे बघून म्हणाले, "हे डावे राहू देत इथे. ज्यांचे पाय अरुंद असतील त्यांना जोडीनं द्या. कंपनीला मी कळवतो, भरपाई नको म्हणून."

"सगळी?" पाळकसाहेबांनी नकळत विचारलं.

"सगळी," बूटकाका म्हणाले, आणि तो शब्द उच्चारताना त्यांना स्पष्टपणे दुखलं. देताना दुखण्याची त्यांची बहुधा ही पहिलीच वेळ असावी.

सोमवारी सुपरवायझरनं लांबूला चौकातून पुन्हा चालवलं. तो सरळ गेला, वळला, सरळ आला. सुपरवायझरनं तरीही एकदा तोंडाचा वास घेतला, सवय म्हणून. दुपारी कंपनीची गाडी आली. बूटकाका जरा आत गेले होते, म्हणून ड्रायव्हरनं गल्ल्यावर विचारलं, "डावे बूट कुठे आहेत?"

"कामावर गेले," काकू म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजू लागल्या.

प्रेमाची खोली त्या आठवड्यात बायकांनी रिकामी केली. बोलकी बाहुली, कप आणि कोट ज्याच्या त्याच्या घरी पोचते केले. काही लोक रागावले. वकिलांनी तर कमिटीचा राजीनामा दिला. तो बूटकाकांनी त्याच दिवशी मंजूर केला. आता मेट्रनताई दारातच उभ्या असतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, "हे तुम्ही उद्या स्वतः वापराल का?" वापराल म्हणालात तर आत या. नाहीतर कचऱ्याची गाडी रोज सकाळी तुमच्याच दारावरून जाते.

तर मंडळी, तुमच्याआमच्यासाठी बोध असा. जे आपल्याला नकोच आहे ते देण्याला आवराआवर म्हणतात. आवराआवर जरूर करावी, घर स्वच्छ राहतं, पण तिची पावती देवाच्या नावावर फाडू नये. श्रीमंती हा गुन्हा नाही. पण देऊन झाल्यावर आपल्याकडे काहीच कमी झालं नसेल, तर आपण अजून दिलेलं नाही. आणि समोर हात पसरून उभा असलेला माणूस हा तुमच्या माळ्याचा पुढचा टप्पा नाही. त्याच्याही पायाला माप असतं. ते विचारा, आणि मग द्या.